शिवेपर्यंतची सोबत

आबा, भाद्रपद वद्य पंचमी, सकाळचे साडेसहा. गाडी दारात उभी होती, गाडीवान चाचा बैलांच्या मानेवरचे जू पुन्हा चाचपून बघत होते, आई देवघरातून बाहेर यायला तयार नव्हती, आणि तुम्ही ओसरीच्या खांबाला हात लावून माझ्याकडे सरळ बघत म्हणालात, "बरं. शिपाई नको म्हणतेस तर नको. एकटी जा." त्या वेळी, त्या जागी, तुम्ही माझ्याशी खोटे बोललात. मी एकटी जात नव्हते. कोल्हापुरापासून हिरण्यकेशीच्या काठापर्यंत गावागावांतली माणसे माझ्या गाडीमागून चालत होती, मला दिसू नयेत अशी, तुमच्या सांगण्यावरून. त्यातला एक माणूस घरी परतला नाही. हे मला कळायला माझी सगळी नोकरी संपावी लागली. तक्रारीत आधी दिवस आणि वेळ लिहावी, मग बाकीचे रडगाणे, हे तुम्हीच शिकवले होते, म्हणून तसे लिहिले. आता बाकीचे.

गडहिंग्लजच्याही पुढे, जिथे मराठी संपत येते आणि बायका एकमेकींना अक्का म्हणू लागतात, तिथल्या एका गावी दरबारला मुलींची शाळा काढायची होती. जायला कोणी बाई तयार होईना. मी होते. नवरा म्हणून ज्याला दाखवले होते त्याचा चेहराही मला आठवत नाही, पण त्याच्या जाण्याने माझे कपाळ मोकळे झाले ते झालेच. माझे केस उतरवू दिले नाहीत तुम्ही. आत्या म्हणाली, "पोरीला मडमांच्या हवाली करतोस, उद्या ती तुलाच शहाणपण शिकवील," तरी कॉन्व्हेंटात घातलेत. आत्याचे म्हणणे खरे झाले, हे हा कागद वाचून तुमच्या लक्षात येईलच. या सगळ्याचे ऋण मी विसरलेले नाही. पण ते मध्ये आणून मला गप्प करू नका.

शिपाई नाकारायला मी तुमच्या कचेरीत आले होते, आठवते का? शाईचा आणि जुन्या सतरंजीचा वास. मी आत पाऊल टाकले तशी कारकुनांची कुजबुज थांबली. तुमचे साहेब म्हणाले, "बाई, रस्ता वाईट आहे, एक शिपाई न्या बरोबर." मी म्हणाले, "शिपायाच्या पाठीमागे लपत शाळेत पोचले, तर मुलींना शिकवू काय? लपायला?" साहेब हसले. तुम्ही खाली मान घालून बोरू तासत होतात. तो बोरू केव्हाच तासून झाला होता. मला वाटले, तुम्हाला माझा अभिमान वाटतो आहे आणि तो दाखवायची लाज वाटते आहे. किती वर्षे मी ते दृश्य जपून ठेवले होते. आता दिसते ते इतकेच, की एक माणूस बोरू तासत पुढचा बेत मनाशी जुळवतो आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला वहाणांचा जोड आणून दिलात. बाईमाणसाने, त्यातही माझ्यासारखीने, रस्त्याने वहाणा घालून चालायचे म्हणजे गावाला तोंडसुख. आई म्हणाली, "पाय काय मऊ मेणाचे आहेत?" तुम्ही म्हणालात, "वाट तापते." वाट तापते हे तुम्हाला ठाऊक होते. माझ्या मागून येणाऱ्यांच्या पायांत काय होते, हा प्रश्न तुम्हाला पडला होता का?

पहिला मुक्काम बिद्रीला. वाटेत समोरून येणारे दोघे-तिघे मला पाहून थबकले आणि मागे वळून गेले. पितृपंधरवडा, त्यात सकाळी सकाळी कुंकू नसलेले कपाळ. एकाला मी हाक मारून सांगितले, "पावणं, परत जाऊ नका, मी पण माझ्या कामालाच निघाले आहे, दोघांचीही खोटी होईल." चाचा पुढे बसून खांदे हलवत हसत होते. मुक्कामाच्या घरी एक म्हातारी होती, तिने भाकरी थापता थापता माझी सगळी चौकशी केली.

"मालक कुठं हाईत म्हनायचं तुमचं?"

"जनावराला मालक असतो, आजी."

"आन बाईला?"

"बाईला पगार असतो. माझा दरबार देणार आहे."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "तुमास्नी भ्या कसं वाटत न्हाई वं?" मी म्हणाले, नाही वाटत. ते तेव्हा जवळजवळ खरे होते. पहाटे निघताना मी पाहिले, म्हातारीने गावाच्या शिवेवरच्या दगडावर एक भाकरी आणि वर चटणीचा गोळा ठेवला आणि मागे न बघता घराकडे गेली. पंधरवड्याचे दिवस, कोणा गेलेल्याचे असेल असे मला वाटले. चाचांना विचारले तर ते म्हणाले, "आसंल, बाईसाब. कुनाचं तरी आसतंच की."

त्याच दिवशी आवाज आला. मुरगूड मागे पडल्यावर वाट उसातून आणि मग माळाने जाते. गाडीच्या चाकांचा आवाज मंदावला, की मागून, शेतभर अंतरावरून, अगदी दबके घुंगरू वाजायचे. गुंडाळून ठेवल्यासारखे. आम्ही थांबलो की तेही थांबायचे. मी मान वळवून पाहिले, तर माळ, दोन बाभळी आणि ऊन. पुढच्या गावाची शीव आली की आवाज बंद व्हायचा. थोडी वाट गेली की पुन्हा सुरू, पण निराळा. कधी घुंगरू, कधी दगडावर काठी आपटल्यासारखे, एकदा तर खोकला. मी कॉन्व्हेंटात वाढलेली. भूत म्हणजे अडाणीपणा, असे मी स्वतःच मुलींना सांगणार होते. तरीही मी गाडीत पुढे, चाचांच्या जवळ सरकून बसले.

"चाचा, ऐकलंत?"

"ऐकलं."

"काय आहे ते?"

त्यांनी बैलांच्या शेपट्या पिळल्या. "बाईसाब, हर गावचं आपापलं आसतं. शीव वलांडून कोन येत न्हाई. आपन चाललो की त्ये बी ऱ्हातं मागं."

मला ते पटले. शीव आली की आवाज थांबतो, म्हणजे शीव न ओलांडणारेच काही असणार. इंग्रजी व्याकरण तोंडपाठ असलेल्या बाईने त्यावर विश्वास ठेवला, कारण दुसरे काही तिला सुचलेच नाही. माणसेही शिवेलाच थांबतात, हे तिच्या डोक्यात आले नाही. गावाच्या वेशीची राखण करणारा वेसकर सरकारी वाटसरूला आपल्या शिवेपर्यंत पोचवतो आणि तिथे पुढच्या गावच्या वेसकराच्या हवाली करतो, ही रीत मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ती साहेबांसाठी, मामलेदारांसाठी. मी तर शिपाई नाकारून निघालेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हिरण्यकेशीवर पोचलो. नदी भरून वाहत होती, तांबूस, काठाला फेस. नाववाला शेवटची खेप आहे म्हणून घाई करत होता. बैल आधी उतरवले, मग गाडी, मग मी. पल्याडच्या काठावर उतरलो तेव्हा दिवेलागण होत आली होती आणि तिथे चिटपाखरू नव्हते. नाव माघारी गेली, चाचांनी बैल जुंपले, आणि तेव्हा पाण्यातून तो आवाज आला. दोन दिवस गुंडाळलेला होता तो उघडा झाला. स्वच्छ, मोठा, देवळातल्यासारखा. खूप वेळ नाही. मग नदीचाच आवाज राहिला. मी चाचांना म्हणाले, "चला, याचीही शीव आली वाटतं," आणि हसले. चाचा हसले नाहीत. ते पाण्याकडे बघत उभे राहिले, आणि मीच त्यांना म्हणाले, चला, अंधार पडतो आहे. त्या दिवसानंतर मागून काही आले नाही. गडहिंग्लजपासून माझ्या शाळेच्या गावापर्यंत शुकशुकाट. हा प्रवास मी आयुष्यभर मुलींना सांगत आले. एकटी बाई, पितृपंधरवडा, अनोळखी मुलूख, भरलेली नदी, आणि केसालाही धक्का नाही. घुंगराचे मी कधीच सांगितले नाही. ते गोष्टीत बसत नव्हते.

महाराजांनी वेठ बंद केली तेव्हा तो हुकूम मी मुलींना मोठ्याने वाचून दाखवला होता. फुकट राबवून घेणे हा कसा कलंक आहे, यावर बोललेसुद्धा. टाळ्या पडल्या. नोकरी सुटल्यावर या आषाढात एका शाळेत मला पुन्हा तीच प्रवासाची गोष्ट सांगायला बोलावले होते. मुलींच्या मागे, दाराशी, एक बाई उभी होती. मुलीचे नाव शाळेत घालायला आली होती आणि ऐकत थांबली होती. मी संपवले तशी ती म्हणाली, "बाई, येक बोलू का? रागावू नगासा."

"बोला. रागवायचं की नाही ते ऐकून ठरवीन."

मुली हसल्या. ती हसली नाही. "तुमी येकल्या न्हवतासा. माझा बा हुता तुमच्या मागं."

मी तिला घरी यायला सांगितले आणि ती आली. पायरीवर बसून, घाई न करता, जसे काही शेजारच्या घरचे सांगावे तसे तिने सांगितले. मुरगूड आणि नदी यांच्यामधल्या एका गावचा तिचा बाप वेसकर. कचेरीतून गावोगावच्या पाटलांना सांगावा गेला होता, की बाईची गाडी येईल. "शिवंपास्नं शिवंपतूर मागं ऱ्हायाचं, पर बाईच्या नदरंस पडायचं न्हाई. दिसलास तर वतन जाईल, म्हनला पाटील."

"मग घुंगरू कशाला?"

"काठीला आसत्यात की. वेसकराची काठी. ती घेतल्याबिगर परक्या शिवारात दिसला तर चोर म्हनून बडवत्यात. घेतली तर वाजती. मंग चिंधी बांधली तिला. मीच बांधली. त्यो म्हनला, घट्ट बांध. पर माझी बोटं केवडी तवा." तिने आपली बोटे पुढे धरून पाहिली. आता ती मोठी, रापलेली आहेत.

नदी ही त्यांच्या गावची शीव. पल्याड दुसऱ्या गावचा माणूस उभा पाहिजे, त्याच्या हातात सोबत दिल्याशिवाय माघारी यायचे नाही, अशी रीत. पल्याड कोणी नव्हते. तुमचा सांगावा त्या गावाला पोचलाच नव्हता, आबा, की पोचून पाटलाने तो कानाआड केला होता, हे तिला ठाऊक नाही. नाव परत अलीकडे आली तेव्हा तो झाडाआडून पुढे झाला आणि "मला पल्याड सोड" म्हणाला. नाववाला म्हणाला, आता खेप नाही, आणि असती तरी तुला घेऊन नाव बाटवली नसती. तो पाण्यात शिरला. पुढे नाववाल्यानेच हे तिच्या आईला येऊन सांगितले. "काठी गावली नंतर, खाली झाडाला अडकल्याली. चिंधी न्हवती तिला."

मी ऐकलेला तो उघडा आवाज. चिंधी पाण्याने सुटली तेव्हाचा. मी हसले होते, आबा.

मी तिला विचारले, माझ्याकडून काय हवे. ती जरा चिडली. "मागायला न्हाई आले मी. पुढच्या बारीला गोष्ट सांगशीला तवा त्येला घ्या की तिच्यात. पोरी ऐकत्यात तुमचं." मग उठताना तिने बापाचे नाव सांगितले, मी न विचारताच.

तेव्हापासून तिन्हीसांजा झाल्या की मला घुंगरू ऐकू येतात. मी दारापर्यंत जाते, रस्ता बघते, परत येते. ज्यांचा भुतावर विश्वास असतो ते उतारा टाकतात आणि निवांत झोपतात. माझी ती सोय कॉन्व्हेंटने काढून घेतली. मी नुसती ऐकत बसते, आणि ऐकता ऐकता मला तुम्ही आठवता. त्या वर्षी दिवाळीला मी घरी आले होते. स्वयंपाकघरात आई वाढते आहे, तुम्ही पाटावर, मी समोर, आणि मी ऐटीत सांगते आहे, "कशाचं भय? माझ्या ना पुढे कोणी होतं ना मागे." तुमचा हात तोंडाजवळ गेलेला. तुम्ही घास ताटात परत ठेवता. "फुशारकी मारू नकोस. जेव." सगळ्या आयुष्यात तुम्ही मला रागावलात ते तेवढेच एकदा. मी भाऊबीजही न करता निघून गेले, आणि पुढची कित्येक वर्षे मनात धरून ठेवले, की बापालाच मुलीचे धाडस सहन होत नाही. पाटलाचा कागद तोवर तुमच्या मेजावर येऊन गेला असणार. कोण कुठे वाहून गेला हे कचेरीत येतच असते. तुम्हाला ठाऊक होते, आणि तुम्ही मला माझी फुशारकी घेऊन जाऊ दिलीत.

ठाऊक होते हे मी कशावरून म्हणते? पुढच्या वर्षीपासून पितृपंधरवड्यात तुम्ही एक पान जास्तीचे वाढू लागलात. पितरांची पाने आत, आणि हे एक परसाच्या भिंतीच्या बाहेर, निवडुंगापाशी, स्वतः नेऊन ठेवायचात. आईला विचारले तर ती म्हणाली, "विचारू नकोस. मी विचारलं होतं, तर ते त्या दिवशी जेवलेच नाहीत." तुम्ही गेलात त्या वर्षापर्यंत ते पान चुकले नाही. मला तेव्हा वाटायचे, काय हा भोळेपणा. आता ते पान कोणाचे हे कळले, आणि मला तुमची कीव यायला हवी होती. आली नाही. संताप आला. पान वाढलेत, पण भिंतीबाहेर. ज्याला नावेत घेतले नाही, त्याला मेल्यावरही तुमच्या अंगणात जागा झाली नाही.

तुम्ही म्हणाल, बापाचे काळीज. काळीज तुमचे होते, पाय त्याचे होते. तुम्हाला एवढी भीती वाटत होती तर ती मला तोंडावर सांगायची होती. मी भांडले असते, रडले असते, कदाचित शिपाई घेऊनही गेले असते. पगारी माणूस, गाडीत बसणारा, नावेतून जाणारा. किंवा तुम्ही स्वतः यायचे होते मागून, अनवाणी. आता मला कधीच कळणार नाही, की मला वाटेत कोणी हात लावला नाही तो माझ्या धीटपणामुळे की मागून वाजणाऱ्या काठीमुळे. खरी एकटी मी फक्त नदीपल्याड होते, आणि ती वाट मला त्याच्या जिवावर मिळाली.

चाचांना ठाऊक होते का, हेही लिहा. तेही गेले, त्यांना विचारायची सोय नाही. ते पाण्याकडे बघत उभे होते ते मला राहून राहून दिसते.

हे पत्र कुठे जाणार नाही. टपालखात्याकडे तुमचा पत्ता नाही, आणि कावळ्यापुढे कागद धरण्याइतके माझे डोके फिरलेले नाही. तुमच्या बोरूंची पेटी माझ्याकडे आहे, तिच्यात घडी करून ठेवीन. सर्वपित्रीला मी त्या बाईला आणि तिच्या मुलीला जेवायला बोलावले आहे. पान माझ्या स्वयंपाकघरात मांडणार आहे, पहिले, आणि ते मांडताना नाव घ्यायचे आहे. ते नाव मला ठाऊक आहे. मी ते इथे लिहीत नाही. तुम्ही त्याला त्या वाटेवर धाडलेत, तेव्हा तुम्हाला ते ठाऊक होते का, हे मला बघायचे आहे. म्हणून उत्तरात ते तुमच्या अक्षरात हवे.

आणखी एक, जे लिहायचे नव्हते. ती माझ्याकडे आली तेव्हा पायरीवर बसली आणि मी ओसरीवर. आत या, असे मी म्हणाले नाही. सुचलेच नाही. तिला चहा दिला. ती गेल्यावर कप विसळला आणि माझ्या हाताने तो इतर कपांत न ठेवता मागल्या दारी, वेगळा, पालथा घातला. मला कोणी सांगितले नव्हते. कप अजून तिथेच आहे. रोज बघते, उचलत नाही.

उत्तर लेखी द्या. सर्वपित्री अमावास्येला, दुपारी पाने मांडायच्या आत.